तैवानहून निघालेल्या होड्या

सप्टेंबर १५९९. सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या आचे बंदरात नांगरून पडलेल्या डच जहाजांवर अचानक हल्ला झाला. मोहिमेचा म्होरक्या कोर्नेलिस द हाउटमन जागीच मारला गेला आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक आचेच्या सुलतानाच्या कैदेत पडला. सुटायला त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. तो काळ त्याने वाया घालवला नाही. रात्री दक्षिणेकडचे तारे टिपले आणि मलय भाषा शिकून घेतली. मायदेशी परतल्यावर १६०३ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचे पुस्तक छापून निघाले. त्यात मलय आणि मलागासी या दोन भाषांतले संवाद आणि शब्द होते, शेवटी ताऱ्यांची यादी. मलागासी ही मादागास्करची भाषा. हाउटमन बंधूंच्या १५९५ च्या पहिल्या सफरीत जहाजांना त्या बेटाच्या किनाऱ्यावर कित्येक महिने मुक्काम करावा लागला होता.

पुस्तकाचा हेतू साधा होता : मसाल्याच्या व्यापाऱ्यांचे बाजारात अडू नये. पण दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की काहीतरी विलक्षण दिसू लागते. आकाशाला मलयमध्ये 'लांगित' म्हणतात, मलागासीत 'लानित्र'. पाच म्हणजे मलयमध्ये 'लिमा', मलागासीत 'दिमी'. मरणाला दोहोंकडे 'माती'. एक भाषा आग्नेय आशियातली, दुसरी आफ्रिकेच्या दाराशी. मध्ये सहा हजार किलोमीटरांहून जास्त पाणी.

शंभर वर्षांनी या पाण्याची दुसरी बाजूही हिशेबात आली. उत्रेख्तचा पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक अद्रियान रेलांद याने आयुष्यात हॉलंडची वेस ओलांडली नाही. जग त्याच्याकडे पुस्तकांतून आणि खलाशांच्या वह्यांतून येई. याकोब ल मेर या डच दर्यावर्दीने १६१६ मध्ये पॅसिफिकमधल्या फुतुना बेटांवर काही शब्द उतरवून घेतले होते. १७०८ मध्ये रेलांदने ती यादी मलय आणि मलागासीच्या शेजारी मांडली आणि तिन्ही एकाच नात्यातल्या आहेत असे लिहिले. मादागास्करपासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत एकच घराणे! त्या काळी तिथे जाऊन खातरजमा करणे कुणाच्या हातात नव्हते.

ती खातरजमा पुढे योगायोगाने झाली. जुलै १७६९ मध्ये जेम्स कुकचे 'एंडेव्हर' जहाज ताहितीहून निघाले तेव्हा त्यावर तुपाइया नावाचा एक पुरोहित चढला. तो राइआतेआ बेटाचा, ताऱ्यांचा आणि सागरी वाटांचा जाणकार. ऑक्टोबरात जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागले. पहिल्याच भेटीत गोळी सुटली आणि एक माओरी माणूस ठार झाला. दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन तीरांवर दोन्ही गट सामोरे उभे राहिले आणि तुपाइया आपल्या भाषेत बोलला. समोरच्यांना ते कळले. ताहितीपासून ही जागा सुमारे चार हजार किलोमीटर दूर, आणि कुकच्या जहाजावरच्या कुणालाही तिथली भाषा येत नव्हती. पुढचे सहा महिने माओरी लोकांच्या दृष्टीने त्या जहाजावरचा खरा मोठा माणूस तुपाइयाच होता. त्याने कुकसाठी ७० हून अधिक बेटांचा नकाशाही काढून दिला. १७७० च्या अखेरीस बटाविया, म्हणजे आजच्या जाकार्ताला, जहाज दुरुस्तीसाठी थांबले असताना तो तापाने गेला.

एकोणिसाव्या शतकात हा विषय प्रवाशांच्या वह्यांतून विद्वानांच्या मेजावर आला. विल्हेल्म फोन हुम्बोल्टचा जावाच्या कवी भाषेवरचा प्रचंड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३६ ते १८३९ या काळात बाहेर पडला आणि 'मलय-पॉलिनेशियन' हे नाव रुळू लागले. पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाजवळ राहणारा धर्मगुरू विल्हेल्म श्मिट याने दक्षिणेच्या वाऱ्याचा लॅटिन शब्द आणि बेटाचा ग्रीक शब्द जोडून 'ऑस्ट्रोनेशियन' हे नाव घडवले. तेच टिकले. आज या कुलात सुमारे १,२०० भाषा मोजल्या जातात आणि त्या बोलणारे लोक ३५ कोटींहून अधिक आहेत. युरोपीय लोक समुद्रापार वसाहती करू लागेपर्यंत जगातल्या कुठल्याच भाषाकुलाने एवढा विस्तार पाहिला नव्हता.

मूळ गाव कोणते, हा प्रश्न पहिल्यांदा शिस्तीने विचारला तो हेन्ड्रिक केर्न याने. जन्म जावातला, शिक्षण हॉलंडमधले आणि १८६३ ते १८६५ ही वर्षे काशीच्या क्वीन्स कॉलेजात संस्कृत शिकवण्यात गेलेली. वराहमिहिराची 'बृहत्संहिता' त्यानेच संपादित केली. १८८९ मध्ये त्याने एक साधी युक्ती वापरली. ज्या वनस्पतींची आणि प्राण्यांची नावे दूरदूरच्या भाषांत सारखी सापडतात, त्या वस्तू पूर्वजांच्या परिसरात असल्याच पाहिजेत. ऊस, नारळ, केळ, बांबू, भात, शार्क, समुद्री कासव अशी यादी जमली. माणसे उष्ण कटिबंधातली, समुद्रकाठची, भात लावणारी. केर्नने बोट ठेवले ते इंडोचीनच्या किनाऱ्यावर. रोख योग्य होता, जागा चुकली.

नात्याचा हिशेब चोख मांडला तो एका डॉक्टरने. ओट्टो डेम्पवोल्फ जर्मन वसाहतींत वैद्यकीय अधिकारी होता. न्यू गिनीत मलेरियावर काम करता करता त्याला तिथल्या भाषांचे वेड लागले. १९३४ ते १९३८ या काळात त्याचा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्यात त्याने मूळ भाषेतले दोन हजारांहून अधिक शब्द उभे केले. त्याची पद्धत समजायला माओरी आणि हवाईयन या दोन बहिणी पुरेशा आहेत. माओरी 'मता' म्हणजे डोळा किंवा चेहरा, हवाईयन 'मका'. माओरी 'तपु' म्हणजे पवित्र, निषिद्ध, हवाईयन 'कपु'. माओरी 'ताहि' म्हणजे एक, हवाईयन 'काहि'. म्हणजे माओरीत जिथे 'त', तिथे हवाईयनमध्ये 'क'. आता माओरीतला माणूस घ्या : 'तङता', त्यातला 'ङ' आपल्या 'वाङ्मया'तला. हवाईयनमध्ये तो 'कनका' होतो. दोन्ही 'त' नियमाप्रमाणे 'क' झाले आणि 'ङ'चा 'न' झाला. तोच 'ङ' आकाशाच्या शब्दात तपासावा : मलय 'लांगित', माओरी 'रांगी', हवाईयन 'लानी'. नियम तंतोतंत लागू पडतो.

असे नियम हाती आले की केवळ कानाला सारखे वाटणारे शब्द गळून पडतात आणि उसने शब्द उघडे पडतात. उसना शब्द नियम पाळत नाही. त्यामुळे बाजारात उचललेला शब्द कोणता आणि आईकडून आलेला कोणता, हे सांगता येते. ज्या समाजांकडे लिपी नव्हती, शिलालेख नव्हते, त्यांच्या इतिहासाचे दप्तर असे त्यांच्याच तोंडात सापडले.

डेम्पवोल्फने एक गोष्ट मात्र जवळपास वगळली होती : तैवान. तिथल्या आदिवासी भाषांची सामग्री त्याच्या हाती फारशी नव्हती. तैवानमध्ये आज चिनी बोलणाऱ्यांचे प्रचंड बहुमत आहे आणि मूळनिवासी जेमतेम अडीच टक्के. चिनी शेतकरी तिथे मोठ्या संख्येने आले ते सतराव्या शतकापासून. त्याआधी संपूर्ण बेट ऑस्ट्रोनेशियन होते आणि तिथे निदान पंचवीसेक भाषा नांदत होत्या. मध्यवर्ती डोंगरांत आणि पूर्व किनाऱ्यावर त्यांतल्या काही अजून जिवंत आहेत : अमिस, पाइवान, बुनुन, अतायाल, रुकाई, पुयुमा.

पुयुमा भाषेत डोळ्याला 'माटा' म्हणतात, 'ट' आपल्यासारखाच जीभ मागे वळवून. सात म्हणजे 'पितू', साध्या 'त'चा. आता तैवान सोडून बाहेर यावे. फिलिपाइन्सच्या तागालोगमध्ये डोळा 'मता' आणि सात 'पितो'. माओरीत डोळा 'मता' आणि सातला 'व्हितु'. 'ट' गेला, दोन्हीकडे 'त'च उरला. तैवानबाहेरच्या हजारावर भाषांत हे दोन ध्वनी एकमेकांत मिसळून गेले आहेत. तैवानमधल्या कित्येक भाषांनी ते आजवर वेगळे ठेवले आहेत. एकदा एकजीव झालेले दोन ध्वनी पुन्हा बरोबर त्याच त्या शब्दांत वेगळे होत नाहीत. त्यामुळे एकच उलगडा उरतो. तैवानमधून एक गट बाहेर पडला, त्याच्या बोलीत 'ट' आणि 'त' एक झाले आणि मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंतच्या सगळ्या भाषा त्या एका गटाच्या लेकी-नाती आहेत.

हा युक्तिवाद पूर्णत्वाला नेला तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट याने. १९७० च्या दशकापासून त्याने हे काम हाती घेतले आणि पुढे हवाई विद्यापीठात बसून आयुष्यभर ऑस्ट्रोनेशियन तौलनिक शब्दकोश रचला. २०२२ मध्ये तो वारला. त्याच्या १९९९ च्या मांडणीत या कुलाच्या दहा मुख्य शाखा आहेत. त्यांतल्या नऊ फक्त तैवानात, आणि दहावीत उरलेल्या सगळ्या भाषा. शाखा नेमक्या किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत. तैवानबद्दल फारसे नाहीत.

यामागचे तत्त्व भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिरने १९१६ मध्येच सांगून ठेवले होते. भाषेचे माहेर शोधायचे तर बोलणारे सर्वांत जास्त कुठे, हे पाहू नये. वैविध्य सर्वांत खोल कुठे, ते पाहावे. वऱ्हाडीपासून मालवणीपर्यंत बोलींचा पसारा महाराष्ट्रात दिसतो. मॉरिशसला त्यातला एखाददुसराच पदर पोहोचला, कारण तिथे थोडी माणसे थोड्या काळात गेली. याच तत्त्वाचा चुकीचा वापरही होऊन गेला होता. १९६५ मध्ये इसिडोर डायन याने समान शब्दांची टक्केवारी काढून मूळ ठिकाण न्यू गिनीच्या आसपास दाखवले, कारण तिथल्या भाषा एकमेकींपासून फार दूर गेलेल्या दिसल्या. पण त्यांनी तिथल्या आधीच्या रहिवाशांच्या, म्हणजे पापुअन शेजाऱ्यांच्या, सहवासात शब्द भराभर बदलले होते. टक्केवारी वेग मोजत होती, वय नव्हे.

मग त्या मूळ माणसांचे जगणे कसे होते? उभ्या पिकातले भात, कांडलेला तांदूळ आणि शिजलेला भात यांना वेगवेगळे शब्द होते. राळ्याला शब्द होता. डुक्कर, कुत्रा, धनुष्य, माग यांना शब्द होते. २००० नंतर ताइनानच्या विज्ञान उद्यानाची पायाभरणी चालू असताना ननगुआनली इथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीत जळून काळे पडलेले तांदळाचे आणि राळ्याचे दाणे निघाले. शब्दांतून जे धान्य सांगितले गेले होते, तेच मातीतून आले.

पण एका वस्तूला तैवानच्या जुन्या थरात शब्द सापडत नाही : होडीच्या बाजूला समांतर बांधलेल्या तरत्या लाकडाला. फिलिपाइन्सपासून पुढे तो सगळीकडे आहे. तागालोगमध्ये 'कातिग', मलयमध्ये 'कातिर'. कोकणात याला उलांडी म्हणतात. ओंडका कोरून केलेली अरुंद होडी लाटेत सहज कलंडते. तिच्या एका कडेला दोन आडव्या वाशांनी उलांडी बांधली की ती कलंडत नाही आणि शीडही पेलते. तैवानमध्ये शेतकरी येऊन स्थिरावल्यावर फिलिपाइन्सकडे पाऊल पडायला जवळजवळ हजार वर्षे का लागली, या कोड्याला ब्लस्टने दिलेले उत्तर हेच आहे. मधल्या खाडीत उत्तरेकडे वाहणारा जोरदार प्रवाह आहे. तो ओलांडायला उलांडीची होडी आणि शीड हवे होते, आणि ते बनायला वेळ लागला.

एकदा होडी बनल्यावर मात्र पावले झपाझप पडली. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी उत्तर लुझोनच्या कागायान खोऱ्यात लाल लेप दिलेली, तैवानच्या धर्तीची मडकी दिसू लागतात. त्यांच्यामागून हिरवा जेड येतो. पूर्व तैवानमध्ये ह्वालियेनजवळ फंगत्येन नावाची खाण आहे. तिथल्या जेडमध्ये काळपट ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांतल्या क्रोमाइटात जस्त असते. ही तिची खूण. २००७ मध्ये संशोधकांनी फिलिपाइन्स, सारावाक, व्हिएतनाम आणि थायलंडमधल्या जुन्या जेड दागिन्यांचे ठिपके तपासले, तेव्हा त्यांतले बहुतेक याच एका खाणीतले निघाले. दक्षिण चीन समुद्राभोवती ही देवघेव अडीच-तीन हजार वर्षे चालू होती.

तिथून एक धार पश्चिमेला बोर्निओ, सुलावेसी, जावाकडे वळली आणि दुसरी न्यू गिनीच्या उत्तरेला बिस्मार्क द्वीपसमूहात पोहोचली. तिथे सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी लापिता संस्कृती उभी राहिली. दातेरी साच्याने ठसे उमटवलेली तिची मडकी हाच तिचा शिक्का. सॉलोमन बेटांपर्यंत माणसे हजारो वर्षांपूर्वीच आली होती. त्यापुढच्या समुद्रावर तोवर कुणी पाऊल ठेवले नव्हते. लापिता लोक ४०० ते ५०० वर्षांत वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी, टोंगा आणि सामोआपर्यंत पोहोचले. होडीत केळीचे मुनवे, अळूचे कंद, नीरफणसाची रोपे, डुकरे, कोंबड्या, आणि न बोलावता आलेले उंदीर. नव्या बेटावर उतरायचे आणि सोबत आणलेली बाग लावायची, असा हा प्रसार होता. त्यामागे राजा नव्हता, सैन्य नव्हते, धर्मग्रंथ नव्हता.

वानुआतूच्या एफाते बेटावर तेओउमा इथे २००४ पासून एक दफनभूमी खणली गेली. साधारण ३,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांना डोकी नव्हती. पुरल्यावर काही काळाने कबर उघडून कवटी काढून घेत असत. एका सांगाड्याच्या छातीवर तीन कवट्या ओळीने ठेवलेल्या होत्या. काही कवट्या मडक्यांत होत्या. या हाडांतला डीएनए २०१६ मध्ये वाचला गेला. त्यात पापुअन अंश जवळजवळ नव्हताच. ती माणसे तैवान आणि उत्तर फिलिपाइन्समधल्या लोकांच्या सर्वांत जवळची निघाली. आजच्या वानुआतूच्या लोकांत मात्र पापुअन वंशाचा वाटा फार मोठा आहे. २०१८ च्या दोन अभ्यासांतून दिसले की सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीपासून बिस्मार्कच्या बाजूने नवी माणसे येत राहिली आणि हळूहळू बेटांवरचे रक्त जवळपास बदलून गेले. भाषा बदलल्या नाहीत. वानुआतूत आज शंभराहून जास्त स्थानिक भाषा आहेत आणि त्या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन आहेत. आलेल्यांनी आधीच्यांची भाषा घेतली, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी करत. भाषेच्या वंशावळीवरून माणसांची वंशावळ सांगू पाहणाऱ्यांना वानुआतूने चांगलाच चाप लावला आहे.

टोंगा-सामोआला लापितांची धाव थांबली, ती पंधराशे वर्षांहून जास्त काळ. याच मुक्कामात पॉलिनेशियन म्हणून ओळखली जाणारी संस्कृती आणि भाषा घडली. पुढचा टप्पा कधीचा, यावर फार वाद होते. २०११ मध्ये जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक कार्बन-तारखा चाळल्या. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा वय उगाच वाढवतो म्हणून तो बाजूला ठेवला. बिया, काटक्या अशा अल्पायुषी वस्तूंवरच भिस्त ठेवली. निष्कर्ष धक्कादायक होता. ताहितीच्या आसपासची बेटे अकराव्या-बाराव्या शतकात वसली आणि त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत हवाई, ईस्टर बेट आणि न्यूझीलंड ही तिन्ही टोके गाठली गेली. न्यूझीलंडला माणूस आला तो साधारण १२८० च्या सुमारास. पुरावा म्हणजे उंदरांनी कुरतडलेल्या बिया. देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करत होता तो हाच काळ. तुपाइया माओरींशी बोलला तेव्हा दोन्ही बोली वेगळ्या होऊन पाचशे वर्षेही झाली नव्हती.

या लोकांनी अमेरिकाही गाठली असावी. रताळे मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पण युरोपीय येण्याआधीच ते पॉलिनेशियात लावले जात होते. माओरीत त्याला 'कुमरा' म्हणतात. अँडीजच्या केचुआ भाषेत 'कुमर' असे नाव सापडते. २०२० मध्ये पूर्व पॉलिनेशियातल्या लोकांच्या डीएनएत अमेरिकेच्या मूळनिवाशांचा अंश दिसला आणि ती गाठ साधारण १२०० च्या सुमाराची ठरली. थॉर हायरडाल १९४७ मध्ये 'कोन-टिकी' तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला पोहोचला आणि पॉलिनेशियन लोक अमेरिकेतून आले असे मांडत राहिला. भाषांचा कौल पहिल्यापासून त्याच्या विरुद्ध होता.

उलट बाजूने, ही बेटे होड्या भरकटून योगायोगाने वसली असेही म्हणणारे होते. त्यांना उत्तर मिळाले १९७६ मध्ये. 'होकुलेआ' ही जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. वाट दाखवणारा होता कॅरोलाइन बेटांपैकी सातावालचा माउ पियाइलुग. कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो, लाटांची उसळी होडीला कोणत्या अंगाने लागते, पक्षी संध्याकाळी कुठे वळतात, यावर तो चालला. सुमारे चार हजार किलोमीटर कापून महिनाभराने होडी ताहितीच्या बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते.

मादागास्करचे कोडे दुसऱ्या दिशेने सुटले. नॉर्वेचा ओट्टो डाल मादागास्करला मिशनरी होता. १९५१ मध्ये त्याने दाखवले की मलागासीची सर्वांत जवळची बहीण म्हणजे बोर्निओच्या आग्नेय भागात बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी मान्यान. नदीकाठच्या या लोकांची नाळ आफ्रिकेच्या कडेशी जुळावी, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. २०१२ च्या एका अभ्यासानुसार मलागासी लोकांच्या मातृवंशाचा इंडोनेशियन भाग सुमारे ३० स्त्रियांपर्यंत मागे जातो, अंदाजे १,२०० वर्षांपूर्वीच्या. २०१६ मध्ये मादागास्कर आणि कोमोरोसच्या जुन्या वस्त्यांत आशियाई तांदूळ आणि मुगाचे दाणे सापडले. समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावर त्याच काळात ज्वारी-बाजरीचे राज्य होते.

मलागासीत लाखाला 'हेत्सी' म्हणतात. मलय 'केती' आणि त्यामागे संस्कृत 'कोटि'. बोर्निओ-सुमात्रा सोडण्यापूर्वीच त्या लोकांच्या कानावर भारतीय शब्द पडले होते. सुमात्रात पालेम्बांगजवळ केदुकान बुकित इथे १९२० मध्ये सापडलेल्या दगडावर श्रीविजय राज्याच्या एका स्वारीची नोंद आहे : शके ६०५, वैशाख शुद्ध एकादशी. म्हणजे इ. स. ६८३. कालगणना आपल्या पंचांगातली, लिपी पल्लव, भाषा जुनी मलय. तिथी संस्कृतात, पण महिन्यासाठी 'वुलान' आणि होडीवर चढण्यासाठी 'नाइक' हे घरचे शब्द. देवघेव दोन्ही बाजूंनी होती. सुमात्राच्या बारुस बंदरातून उत्तम कापूर जगभर जाई. मलयमध्ये 'कापुर' म्हणजे विड्याचा चुना आणि कापूरही. संस्कृत 'कर्पूर' हा तिकडूनच आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यात असलेल्या जेम्स हॉर्नेलने १९२० मध्ये भारतीय होड्यांवर लिहिताना आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीच्या होड्यांतही याच पूर्वेकडच्या दर्यावर्दींची छाप पाहिली.

२००९ मध्ये न्यूझीलंडच्या रसेल ग्रे आणि सहकाऱ्यांनी ४०० भाषांतले पायाभूत शब्द संगणकावर घातले आणि वंशवृक्ष काढला. मूळ निघाले तैवानात, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी. मग विसावा, धाव, पुन्हा विसावा, पुन्हा धाव. मातीच्या थरांतून जे वेळापत्रक दिसत होते, तेच आकड्यांतून उतरले. तैवानच्या आधी हे लोक कुठे होते, याचे धागे समोरच्या चीनमधल्या फूच्येन किनाऱ्याकडे जातात. तिथल्या मात्सू बेटांत लियांगदाओला २०११ मध्ये आठ हजार वर्षांहून जुना सांगाडा सापडला आणि त्याचा डीएनए तैवानच्या मूळनिवाशांशी नाते सांगतो. पण त्या किनाऱ्यावरच्या जुन्या बोली चिनीखाली केव्हाच गडप झाल्या. भाषेचा माग तैवानलाच संपतो.

आणि तैवानातही तो पुसट होतो आहे. पाझेह ही भाषा अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती २०१० मध्ये गेली. कनकनावू, सारोआ, थाओ यांचे सफाईने बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. २०१७ च्या कायद्याने मूळनिवाशांच्या भाषांना राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला, तो मान्यताप्राप्त जमातींपुरता.

ताइनानच्या मैदानातले सिराया लोक त्या यादीत नव्हते. त्यांची भाषा बोलण्यातून गेली त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. पण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत दानियल ग्रावियस या पाद्र्याने मत्तयकृत शुभवर्तमान सिरायात उतरवले होते. ते १६६१ मध्ये छापून झाले. त्याच वर्षी चिनी सेनानी कोशिंगाचे आरमार तैवानला उतरले आणि काही महिन्यांत डचांना बेट सोडावे लागले. सिराया लोक मात्र डचांकडून शिकलेल्या रोमन अक्षरांत आपले जमिनीचे करारमदार पुढे दीडशे वर्षे लिहीत राहिले. हे शुभवर्तमान, हे करार आणि उत्रेख्तच्या ग्रंथालयात सापडलेली एक शब्दयादी, एवढ्या भांडवलावर सिरायांच्या वंशजांनी शब्दसंग्रह तयार केला आणि ताइनानच्या काही शाळांत मुलांना ही भाषा शिकवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तैवानच्या घटनापीठाने सिरायांना मूळनिवासी दर्ज्यापासून वंचित ठेवणारा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि तो दुरुस्त करायला सरकारला तीन वर्षांची मुदत दिली.